पोलादचा दम

पोलाद आणि त्याची सून यांच्यात विस्तव जात नव्हता. पोलाद हे टोपणनाव त्याने चाळीस वर्षं व्यायामशाळा चालवून आणि भल्याभल्यांना हलणार नाहीत अशी वजनं उचलून कमावलं होतं. सून व्यायामोपचार शिकलेली. सासरी येताना ती हवा भरलेले मोठाले चेंडू आणि डुगडुगणाऱ्या फळ्या घेऊन आली.

"ही व्यायामशाळा आहे की सर्कस?" तो चारचौघांत ओरडायचा.

"तोल सांभाळताना शरीर जास्त राबतं, बाबा. दमही जास्त वाढतो."

"पाय घट्ट नसतील तर वजन काय कप्पाळ उचलणार?"



अशात बस डेपोचे वीस चालक तपासणीत नापास झाले. दोन मजले चढताच त्यांना धाप लागायची. डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना इकडे धाडलं. दहा चालक पोलादने घेतले, दहा सुनेने. व्यायाम तेच, वजनंही जवळपास तीच; फक्त त्याचे चालक पक्क्या बाकावर आडवे होत, तिचे चेंडूवर. बाईंची अट एकच होती: दोन व्यायामांमधली विश्रांती फक्त मिनिटभर. पोलाद पाच-पाच मिनिटं बसू देणारा माणूस, पण सुनेपुढे माघार कशी घ्यायची?

तीन महिने दोघांनी एकमेकांना पाण्यात पाहिलं. त्याने दोनदा चेंडूंची हवा सोडली. तिने त्याच्या बाकावर 'पुराणवस्तू' असा कागद डकवला.

शेवटी बाईंनी सगळ्यांना डेपोचा जिना चढायला लावून नाडी मोजली. "दोन्ही गटांचा दम वाढलाय, आणि अगदी सारखा. बाक की चेंडू, याने इथे काही फरक पडलेला नाही. तुम्ही त्यांना फार बसू दिलं नाही, त्याचा हा गुण दिसतो."

"मोजण्यात चूक आहे!" सासरा-सून एकदम म्हणाले. ती घरात आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं एकमत.

मग सुनेला राहवेना. "बाबा, तुम्हीच चढून दाखवा की!"

वीस चालकांसमोर तो ताठ मानेने निघाला. दुसऱ्या मजल्यावर त्याने कठडा धरला. तो धापा टाकू लागला. त्याची नाडी सगळ्यांहून भरधाव पळत होती. आयुष्यभर तो वजन उचलून निवांत बसत आला होता. खाली कुणीतरी फिसकन हसलं. सून हसली नाही. तिने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्याने जिन्यावरून भिरकावला.

दुसऱ्याच दिवशी त्याने व्यायामशाळेच्या मधोमध पत्रा ठोकून घेतला. आपल्या बाजूला, कुणी नसताना, तो हलकी वजनं घेऊन झरझर उचलू लागला, घाम पुसायलाही न थांबता. पलीकडे सुनेला त्याची धाप ऐकू यायची. ती मुद्दाम मोठ्याने गाणी लावायची.

सहा महिन्यांनी तो डेपोचा जिना एका दमात चढला. वर डॉक्टरीणबाई भेटल्या. "सूनबाईंना सांगू का?" त्यांनी विचारलं.

"सांगाल तर याद राखा," तो म्हणाला.