वाटीत राहिलेलं पेट्रोल

गोराईच्या मावशीनं माझी नोकरी वाचवली, हे आधी लिहितो. तिचं नाव घालणार होतो. विचारलं तर म्हणाली, "नाव नको घालू रं, बाजारात हसतील मना." म्हणून नुसतं मावशी. ती कोळीण आहे. रोज सकाळी बोटीनं खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात येते, मासे विकते आणि दुपारी रिकामी पाटी घेऊन परत जाते. माझ्या साहेबांच्या गाडीत ती एकदाही बसलेली नाही. तरी चार महिने पडून राहिलेल्या त्या गाडीला काय झालंय, ते तिनं एका प्रश्नात ओळखलं.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि पुढं फिरत फिरत बोरिवलीला साहेबांकडं ड्रायव्हर म्हणून लागलो. साहेब ऑफिसातून रिटायर झालेले. रोजच्या गाडीशिवाय त्यांच्याकडं एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे, दोन सीटची, वरून उघडी. त्यांच्या वडिलांनी ती मोडीतून घेतली आणि साहेबांनी कितीतरी रविवार घालून चालू केली. दर दसऱ्याला तिची पूजा करून ते बाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, शेजारी बसवतात आणि एक चक्कर मारून आणतात.

यंदा साहेबांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या जागेत एकाच गाडीचं पार्किंग. जुनीला पावसाळाभर ठेवायचं कुठं? बाई वर्षानुवर्षं मावशीकडूनच मासे घेतात. मावशी म्हणाली, घरामागं जाळी ठेवायची पत्र्याची शेड आहे, लावा तिथं. ठरलं. जूनच्या सुरुवातीला मी भाईंदरकडून रस्त्यानं फिरून गाडी गोराईला नेली. साहेबांचा गुडघा दुखत होता, ते आले नाहीत. पण निघताना त्यांनी मला दोनदा बजावलं.

"पेट्रोलचा कॉक बंद कर आणि इंजिन चालूच ठेव. आपोआप बंद पडेपर्यंत थांब. वाटीत थेंबसुद्धा राहता कामा नये."

वाटी म्हणजे कार्ब्युरेटरला असते ती. टाकीतलं पेट्रोल कॉकमधून, म्हणजे तोटीतून, आधी तिच्यात येतं. पाण्याच्या टाकीत असतो तसा आत एक तरंगता चेंडू असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि त्याला जोडलेली सुई पेट्रोल आत येण्याचं तोंड बंद करते. या गाडीला असे दोन कार्ब्युरेटर, दोन वाट्या.

सगळं कळलं होतं मला. कॉक बंद केला. मिनिटभर इंजिन छान चाललं, मग अडखळायला लागलं. खोकल्यासारखं करायचं, पुन्हा धडपडून उठायचं. मला ऐकवेना. आमच्याकडं बैल धापा टाकायला लागला की औत सोडतात. आपण हिला उगाच मारतोय असं वाटलं आणि मी चावी फिरवून बंद करून टाकली.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "आपोआप बंद पडली ना?"

"हो साहेब."

घाबरलो की माझ्या तोंडून 'हो' जातं. शाळेपासूनची खोड. पण माझ्या आधीच्या ड्रायव्हरला साहेबांनी एका थापेवरून काढलं होतं, आणि मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चूक चालेल, थाप चालणार नाही." त्या 'हो'ची आठवण मी चार महिने मनातून ढकलत राहिलो.

दसऱ्याला तीन दिवस उरले तेव्हा चार्ज केलेली बॅटरी घेऊन मी बोटीनं गोराईला गेलो. बॅटरी बसवली, चावी फिरवली. या गाडीचा पेट्रोल पंप टिकटिक वाजतो आणि दोन्ही वाट्या भरल्या की गप्प होतो. त्या दिवशी तो गप्प होईचना. स्टार्टर मारला तर नुसती घुर्रघुर्र. बॉनेट उघडून बघतो तर मागच्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल खाली ठिबकतंय आणि पुढचा कोरडा ठणठणीत. एकाला पूर, दुसऱ्याला दुष्काळ. चावी फिरवण्यापलीकडं काही सुचेना, म्हणून फिरवतच राहिलो.

तेवढ्यात मावशी बाजारातून आली.

"काय रं, कवापासून घुर्र करतंस? माजी कोंबडी अंड्यांवरनं उठली!"

"मावशी, चालूच होईना."

तिनं नाक वर करून हुंगलं आणि पाटी तिथंच टाकून आत पळाली. चूल विझवून बाहेर आली आणि माझ्या हातातली चावी काढून घेतली. "पेट्रोल गळतंय आनि तू ठिनग्या उडवतंस! दसऱ्याच्या आधी होळी करतंस काय?"

मग ती खाली वाकली, बोटानं ते ठिबकणारं पेट्रोल घेतलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शिळं हाय. मना सांग, बंद कशी केलीस?"

"चावीनं."

"चावीनं तं समदीच करतात. वाटीतलं संपवून केलीस का ठेवून केलीस?"

साहेबांनी विचारलं असतं तर 'हो' म्हणालो असतो. मावशीपुढं म्हणालो, "ठेवून."

मावशी कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली. त्यांच्या लहान होडीला पेट्रोलचं मशीन आहे. पावसाळ्यात होडी वर ओढायच्या आधी ते मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करतात, चालू करतात, पेट्रोलची नळी काढून टाकतात आणि मरेपर्यंत तसंच चालू देतात. "माज्या नवऱ्यानं पयल्या वर्षी तुज्यासारकीच दया केली," ती म्हणाली. "नारळी पुनवेनंतर समद्यांच्या होड्या गेल्या, आमची किनाऱ्याला. आठ दिवस बोलले नाय मी त्याच्याशी."

तिचा नवरा, ज्यांना मी मामा म्हणतो, समुद्रावर गेलेले, म्हणून मावशीच मदतीला बसली. आधी टाकीतलं पेट्रोल काढलं. थोडं काचेच्या बाटलीत धरून ठेवलं तर तळाला वेगळा थर बसला. पाणी. हल्लीच्या पेट्रोलला हवेतलं पाणी धरायची खोड, त्यात गोराईची खारी हवा. मग वाट्या उघडल्या. तळाला काकवीसारखा तपकिरी चिकटा. एक सुई उघडी राहून चिकटलेली, दुसरी बंद राहून. पुराचं आणि दुष्काळाचं कारण एकच निघालं.

होडीच्या कॅनमधलं ताजं पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन मी घासत बसलो. जेटचं, म्हणजे इंजिनाकडं पेट्रोल सोडणाऱ्या पितळी नळीचं, बारीक भोक बुजलेलं, म्हणून खिशातली टाचणी काढली तर मावशीनं फाटकन हातावर मारलं. "पितळ हाय ते! भोक मोटं झालं तं जलमभर पेट्रोल पीत बसंल." आत जाऊन तिनं तंगूस आणला, जाळ्याला लावतात तो नायलॉनचा दोरा. तो आतबाहेर करत राहिलो, आणि दहा मिनिटांनी पलीकडचा उजेड दिसला. सुईच्या टोकाएवढा उजेड, पण मला तेव्हा सूर्य उगवल्यासारखं झालं.

पेट्रोलची रबरी नळीही दाबल्यावर तडकत होती. बोटीनं बोरिवलीला जाऊन नवी आणली. सगळं जोडलं, टाकीत ताजं पेट्रोल ओतलं. चावी अर्धी फिरवली. टिकटिक, टिकटिक, टिकटिक. थांबेना. मागची सुई अजून अडत होती. मावशीनं कोयत्याची लाकडी मूठ घेतली आणि वाटीच्या बाजूला हळूच दोन टिचक्या मारल्या.

टिक... टिक... आणि गप्प.

"मार आता!"

गाडी एकदा शिंकली, पांढरा धूर सोडला आणि धडाडून चालू झाली. कोंबडी पुन्हा उठली. मावशीनं टाळ्या वाजवल्या. मी तिच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "हात काळे हायेत तुजे, लुगड्याला लावू नको."

जरा वेळानं तिनं विचारलं, "साहेबाला सांगशील ना?"

"गाडी तर चालू झाली, मावशी."

"बग बाबा. तुज्या साहेबाची बाई बुधवारी येते माज्याकडं. ती गाडीचं इचारल्याशिवाय जायाची नाय, आनि मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाय."

भाईंदरच्या रस्त्यानं परत येताना गाडी इतकी गोड चालत होती, तरी माझं लक्ष तिच्यात नव्हतं. नोकरी गेली तर खोली जाणार, खोली गेली तर गावाकडं काय तोंड दाखवणार, हेच डोक्यात. साहेब गेटपाशी उभे होते. इंजिन चालूच ठेवून मी उतरलो आणि त्यांनी काही विचारायच्या आत सांगून टाकलं. "साहेब, जूनमध्ये मी खोटं बोललो. बंद पडेपर्यंत थांबलो नव्हतो. चावीनं बंद केली."

साहेब पुढं झाले. बॉनेट उघडून आत वाकले. नवी नळी दाबून पाहिली.

"जेट कशानं साफ केलंस?"

"तंगुसानं."

"तार नाही घातलीस?"

"टाचणी घालत होतो. मावशीनं हातावर मारलं."

साहेबांच्या मिशा हलल्या. "बरं केलं तिनं. आता कॉक बंद कर."

कॉक बंद केला. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. इंजिन अडखळलं, खोकलं, धडपडलं. माझा हात चावीकडं जात होता, साहेबांनी मनगट धरून ठेवलं. शेवटचा एक हुंदका, आणि शांत.

वरून बाईंचा आवाज आला, "अहो, बंद पडली का?"

"पडली नाही, पाडली!" साहेब ओरडले. मग माझं मनगट सोडत म्हणाले, "बघ, काही होत नाही. पुढच्या पावसाळ्यातही तूच ठेवायचीस. आणि असलं काही झालं तर चार महिने वाट बघू नकोस."

दसऱ्याला साहेब-बाई चक्कर मारून आले आणि दुपारी मी आपट्याची पानं घेऊन गोराईला गेलो. मावशी ओट्यावर बसली होती. सगळं सांगितलं, ती खूष झाली. मग अचानक तिनं विचारलं, "तुज्या गावाला दर्या नाय म्हंतंस. मंग सांजचं लोकं बघतात तरी काय?"

मी ओट्यावर तिच्याशेजारी बसलो. मग म्हणालो, "तूर. फुलली की वाऱ्यानं सगळं शिवार पिवळं हलतं."

"खोटं," ती म्हणाली, पण पुढं ऐकायला डोळे माझ्याकडंच.

तर मावशी, इथं लिहून ठेवतो. एका साली तूर फुलात असताना तुम्हाला आणि मामांना गावी घेऊन जाईन. स्वतःची गाडी झाली तर गाडीनं, नाहीतर एसटीनं. बांधावर खुर्ची टाकीन. माझी आई चुलीवर गरम भाकरी करून वाढील, आणि त्या दिवशी तुम्ही कुठल्याच कामाला हात लावायचा नाही.