आम्ही घर घेऊन येतो

आमच्या घरात कुणाला रागावून उठता येत नाही. उठलं की घर कलतं.

घर म्हणजे एक जुनी लोखंडी नाव आहे. येलदरीच्या जलाशयात ती पूर्वी माणसं आणि जनावरं या काठावरून त्या काठाला न्यायची. पलीकडे जायला रस्ता झाला, नाव गंजत पडली आणि माझ्या आजोबांनी ती उचलली. तिच्यावर पत्रे टाकले, मधे चूल मांडली आणि आमचं कुटुंब तिच्यात राहायला गेलं. आज आम्ही अकरा जण तिच्यात राहतो. आई, आबा, आम्ही दोघी बहिणी. वारलेल्या चुलत्यांची बायको, जिला आम्ही मोठी आई म्हणतो, तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि दोन नातवंडं.

नावेच्या डाव्या अंगाला लोखंड झिजलंय. डांबर आणि गोणपाट कोंबून ते बुजवलेलं आहे, पण नाव डावीकडं कलली की तिथून पाणी आत यायला लागतं. म्हणून प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली आहे, आणि ती वजनावरून ठरते. मोठी आई चुलीच्या उजवीकडं, आबा तिच्या मागं, दोन्ही चुलतभाऊ टोकाला. पोरं वाढली की जागा बदलते. कुणी पाहुणा आला तर तो कुठं बसणार हे मोठी आई त्याच्याकडं एकदा बघून सांगते. भांडण झालं तरी प्रत्येकानं आपापल्या जागेवर बसूनच भांडायचं. लग्न होऊन आली तेव्हा थोरली वहिनी एकदा रुसून डाव्या कडेला जाऊन बसली होती. मोठी आई शांतपणे म्हणाली, "रूस की बाई, पण हिकडं बसून रूस. तिकडं पाणी येयलंय."

मला राग लवकर येतो. तो बसून गिळायची सवय मला या नावेनं लावली, आणि त्याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही.

लोकांना आमच्या घराचं फार कौतुक वाटतं. चारी बाजूंनी पाणी, गार वारा. मी त्यांना सांगते की प्यायचं पाणी आम्ही गावातल्या हापशावरून आणतो, उन्हाळ्यात त्याला जाऊन येऊन तास जातो. बायकांना सकाळी काठावरच्या बाभळींत जावं लागतं, आणि पाणी हटलं की त्या बाभळीही लांब जातात. धरणावर वीज तयार होते, तिचे दिवे आम्हाला इथून रोज दिसतात. आमच्याकडं एक सोलरचा दिवा आहे, तो पावसाळ्यात आठवड्यातून चार दिवस चालतो. आमचे पणजोबा नदीकाठी मासे धरायचे. धरण झालं तेव्हा त्यांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून बुडालं ते काही त्यांचं नव्हतं असं ठरलं. ज्यांची जमीन होती त्यांना वर नवं गाव मिळालं. आमची नाव जिथं बांधलेली असते त्याच्या बरोबर खाली जुन्या गावाचा पार आहे. पाणी फारच खाली गेलं की त्याचे दगड उघडे पडतात आणि आबा त्यांनाच दोर बांधतात. गावाच्या इतकं आत दुसरं कुणीच राहत नसेल.

वाचायला मी नावेतच शिकले. आईचा भाऊ जिंतूरला छापखान्यात कामाला होता. चुकलेले, शाई फाकलेले कागद तो गठ्ठ्यानं आणायचा आणि वारा अडवायला आम्ही ते पत्र्याला आतून चिकटवायचो. सगळी पत्रकं असायची. जिनिंगमधल्या मजुरांच्या सभेची, पाण्याच्या पाळीसाठी निघालेल्या मोर्चाची, शिक्षकांच्या उपोषणाची. माझ्या उशापाशी एक होतं, त्यात नऊ मागण्या होत्या आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी "झालेच पाहिजे" असं होतं. मला वाटायचं, कागदावर असं लिहिलं की होत असणार. धाकटीच्या उशापाशी दवाखान्याचं पत्रक होतं, लहान पोरांना कोणत्या महिन्यात कोणती लस द्यायची त्याचं. त्यावरून आम्ही दोघी अशा वेगवेगळ्या निघालो, असं मामा हसून म्हणायचा.

धाकटीला नर्स व्हायचं होतं. बारावीला तिला चांगले मार्क पडले आणि परभणीला नर्सिंगच्या प्रवेशयादीत तिचं नाव लागलं. कागद सगळे होते, फक्त रहिवासी दाखला नव्हता. आमचं रेशनकार्ड मामाच्या पत्त्यावर होतं, आणि नावेला घर नंबर नाही. जिंतूरच्या तहसील कचेरीत सांगितलं की साहेब येऊन जागा बघतील, तिथल्या तिथं पंचनामा करतील आणि मग दाखला मिळेल. अर्ज धाकटीनं स्वतः लिहिला. मी लिहिते म्हणाले तर म्हणाली, "नको ताई. तू लिहिलास की अर्जाचा मोर्चा होतो."

जूनचा पहिला आठवडा होता. पाणी खूप मागं गेलं होतं. गावापासून नावेपर्यंत अर्धा तास चालायचं, आणि त्यातला निम्मा रस्ता घोट्याएवढ्या गाळातून. समोरच्या काठाला मात्र डांबरी रस्ता थेट पाण्याजवळ येतो. साहेबांचा फोन आला तेव्हा आबांनी उभं राहून तो घेतला. नाव जरा कलली.

"साहेब, तुमी हिकडून नका येऊ, लय गाळ हाय," आबा म्हणाले. "तुमी धरणावरून पलीकडं या. तिकडं डांबरी हाय. आमी घर घेऊन येतो."

हे वाक्य ऐकताना आमच्यापैकी एकालाही काही खटकलं नाही. मलाही नाही. आम्ही असंच करतो. पाहुणा म्हातारा असला, एखादी लेकुरवाळी असली, तर त्यांना गाळातून चालवायचं नाही, आपण घर त्यांच्याकडं न्यायचं. एका वहिनीच्या बाळंतपणात आम्ही घर नर्सबाईंच्या दारात नेलं होतं म्हणायला हरकत नाही. सकाळी चुलतभावांनी आणि मी बांबू मारत नाव पलीकडं नेली. मोठ्या आईनं नवी चटई अंथरली. आईनं मरळ तळली.

साहेब आले. जीपमधून उतरून सहा पावलं चालले आणि फळीवरून आत आले. बुटाला माती लागली नाही. मोठ्या आईनं त्यांना एकदा बघितलं आणि मधोमध बसवलं. त्यांनी मरळ खाल्ली, काटे पाण्यात टाकले, पोरांसोबत फोटो काढला.

"मस्त आहे की तुमचं," ते म्हणाले. "लोक पैसे देऊन काश्मीरला जातात."

आबा हसले. मीही हसले. हे लिहिताना मला त्या हसण्याची चीड येते. पण तेव्हा आम्हाला वाटत होतं की माणूस खूश झाला, म्हणजे काम झालं. त्यांनी गुडघ्यावर कागद धरून काहीतरी लिहिलं, आबांची सही घेतली आणि गेले. आबा सही करताना कागद वाचत नाहीत. वाचला तर समोरच्याला वाईट वाटेल, असं त्यांना वाटतं.

पंधरा दिवसांनी मी आणि धाकटी जिंतूरला गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद पुढं सरकवला. अर्ज नामंजूर. स्थळपाहणीच्या वेळी अर्जदाराचे वास्तव्य अर्जात नमूद गावाच्या हद्दीत आढळून आले नाही. सदर नाव लगतच्या जिल्ह्याच्या हद्दीत आढळली.

समोरचा काठ दुसऱ्या जिल्ह्यात मोडतो. हे आम्हाला जन्मापासून माहीत आहे. पण त्या सकाळी आम्ही जिल्हा ओलांडतोय असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही फक्त पाहुण्याकडं चाललो होतो.

"मॅडम, साहेबांसाठीच नाव तिकडं नेली होती," धाकटी म्हणाली. "साहेबांना माहीत हाय."

"साहेबांनी जे बघितलं ते लिहिलं," बाई म्हणाल्या. "खोटं आहे का त्यात काही?"

खोटं काहीच नव्हतं. मला आजही सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. त्या कागदावरचा शब्द न् शब्द खरा होता. बुटाला गाळ लागू नये म्हणून जे लोक आपलं घर ओढत घेऊन आले, त्यांचा मासा खाऊन, त्यांच्याच चटईवर बसून, ते इथले नाहीत असं लिहायला माणसाला खोटं बोलावंच लागत नाही. नुसतं सोयीपुरतं बघितलं की झालं. फेरअर्ज, पुन्हा तारीख, पुन्हा पाहणीची वाट, यात प्रवेशाची शेवटची फेरी संपली. धाकटीची जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.

त्या दिवशी नावेत सगळे आपापल्या जागेवर बसले होते. कुणी जेवत नव्हतं.

"साहेबाचे बूट वाचवले तुमी," मी आबांना म्हणाले. "आन पोरीचं वर्ष घालवलं."

आई म्हणाली, "बापाला असं बोलतेत का?" मी म्हणाले, बोलतात. आमच्या घरात आजवर सगळ्यांशी नीट बोलूनच हे झालंय. आबा खाली बघत होते. मग म्हणाले, "मला वाटलं, गाळात फसला तर बिचारा चिडंल." ते ऐकून मला आणखी राग आला. आबांचा आला की साहेबांचा, ते सांगता येत नाही. उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

ते वर्ष धाकटीनं जाळी विणत काढलं. गावातल्या तिच्या मैत्रिणी सेलूला, परभणीला शिकायला गेल्या. हापशावर बाया विचारायच्या, "काय गं जहाजवाले, तू न्हाई गेलीस?" ती हंडा उचलून यायची. तिनं एकदाही आबांना दोष दिला नाही. तो मीच दिला, तिच्या वाटचाही.

या जूनमध्ये पुन्हा यादी लागली आणि पुन्हा तिचं नाव आलं. पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी, आणि साहेबही तेच. सकाळी फोन आला. आबांनी यावेळी बसून घेतला, पण आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"मी पलीकडच्या काठावर थांबलोय. आणा नाव."

आबांनी तोंड उघडलं. कुणी काही मागितलं की ते आधी हो म्हणतात आणि मग ऐकतात. त्यांचा हात दोराकडं गेला. तेवढ्यात धाकटी फळीवरून खाली उतरली आणि ज्या दगडाला दोर बांधला होता त्यावर, गाठीवरच, मांडी घालून बसली.

"काय करायलीस?" आबा म्हणाले.

"बसायलेव," ती म्हणाली. "फोन द्या."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी फोन घेतला आणि तिच्याकडं नेऊन दिला.

"साहेब, घर हितंच हाय," धाकटी म्हणाली. "तुमी या."

"अगं पण मागच्या वेळी तर आणली होती. आत्ता काय झालं?"

"मागच्या वेळी आणली म्हणून तुमी लिहिलं की आमी हितले न्हाईत."

पलीकडून फोन बंद झाला. आई म्हणाली, आता ते येत नाहीत, घालवलं पोरीनं. आबांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मोठ्या आईनं त्यांना डोळ्यानं बसवलं. उन्हात धाकटी त्या दगडावरून हलली नाही. मी तिच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला तर म्हणाली, "ताई, तू घोषणा देऊ नको फक्त." मी देणारच होते.

दुपारी गावाच्या बाजूनं दोन माणसं येताना दिसली. पुढं कोतवाल, मागं साहेब. साहेबांच्या हातात बूट होते आणि पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली होती. गाळात पाय रुतायचा, ते थांबून तो उपसायचे आणि पुढचा टाकायचे. मी त्यांची पावलं मोजत होते, इतकं मला बरं वाटत होतं. मग मोठी आई पाण्याची कळशी घेऊन फळीवर आली आणि त्यांच्या पायावर पाणी घालायला लागली. माझ्या डोक्यात सणक गेली.

"राहू दे की ते तसेच," मी हळूच म्हणाले.

"घर आपलंय," मोठी आई म्हणाली. "गाळ आत आणू द्यायचा का न्हाई, ते आपण ठरवायचं."

साहेब आत येऊन बसायला जागा शोधायला लागले. धाकटी दगडावरून उठून आत आली. तिनंच त्यांना जागा दाखवली.

"मधी बसा साहेब. आन आधी हद्दीचं लिहा. मंग चहा."

त्यांनी लिहिलं. आबा सहीला वाकले तेव्हा तिनं त्यांचा हात धरला आणि कागद आधी स्वतः वाचला, मोठ्यानं, गावाचं नाव येईपर्यंत आणि त्याच्याही पुढं शेवटपर्यंत. साहेब पाण्याकडं बघत होते. मग ती म्हणाली, "करा आबा." आबांनी सही केली.

दाखला वेळेत आला. गेल्या आठवड्यात आम्ही तिला परभणीच्या होस्टेलवर सोडून आलो. परत आलो तेव्हा नाव एका बाजूला किंचित कलली होती, तिच्या जागेवर कुणी नव्हतं म्हणून. मोठ्या आईनं सगळ्यांना हातभर सरकवून बसवलं. नाव सरळ झाली. मी त्या रिकाम्या जागेकडं बघत बसले होते. ती गेल्या वर्षीच रिकामी व्हायला हवी होती.