हात सुटे ठेवा

आधी त्या ताईंचं सांगतो. कर्जतच्या तपासणी केंद्रात एमआरआयचं मशीन चालवतात त्या. माझी बोटं आज शाबूत आहेत ती त्यांच्यामुळे.

मी नांदेडकडचा. आठवीत शाळा सुटली, पोटासाठी फिरत खालापुरात एका टेलरकडं लागलो. तिथंच शिवता शिवता फिट आली. डोक्याच्या फोटोत डाग दिसला. तो जंतूंचा की वाईट गाठीचा, हे कळायला डॉक्टरांनी त्याच मशीनमध्ये आणखी एक तपासणी सांगितली, स्पेक्ट्रोस्कोपी. गावी आईला काही कळवलं नव्हतं. घरमालकीण काकी सोबत आल्या.

ताईंनी करदोटा काढायला लावला, वजन केलं. काकी म्हणाल्या, "वजन कशाला गं पोरी? ह्याला इकायचा हाय का?"

ताई हसल्या. "मशीनच्या लहरींनी अंग तापतं, काकी. किती जोर लावायचा ते वजनावरून ठरतं." मग मला म्हणाल्या, "दादा, हात बाजूला सुटे ठेवा, एकमेकांना लावू नका. त्रास झाला तर हा रबरी फुगा दाबा. आणि हलू नका, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागेल."

माझ्या डोक्यात शेवटचं तेवढंच राहिलं.

आत ठकठक सुरू झाली आणि पांघरुणाखाली माझे हात आपोआप जोडले गेले. थोड्या वेळानं तळव्यांत ऊब आली. वाटलं, देवानं ऐकलं. मग ऊब वाढत गेली. बोटांची टोकं चुरचुरायला लागली, इस्त्रीला चुकून लागावीत तशी. फुगा पोटावरच होता. पण दाबला आणि तपासणी फुकट गेली तर? डाग कसला ते कळणारच नाही. दात आवळून पडून राहिलो.

मध्येच आवाज थांबला. स्पीकरवर ताई बोलल्या, "दादा, बरे आहात ना?"

"हो."

"हात कुठं आहेत?"

"जोडलेत."

त्या धावत आत आल्या, मला बाहेर ओढून पांघरूण काढलं. "अहो, नमस्कार नंतर करा मला!" म्हणाल्या खऱ्या, पण चेहरा उतरला होता. बोटं लाल झाली होती, फोड नव्हता. त्यांनी माझे हात गार पाण्याखाली धरले. "हात जुळले की अंगाचं कडं तयार होतं, दादा. त्यातून वीज फिरते आणि कातडी टेकते तिथं भाजतं."

"तपासणी वाया गेली का, ताई?"

"ती मी परत करीन. बोटं कुठून आणू?"

डॉक्टरांनी बोटं बघितल्यावर ताईंनी मला पुन्हा निजवलं. दोन्ही हात अंगापासून लांब, मध्ये छोट्या गाद्या. गाद्यांच्या खोळी उसवलेल्या होत्या.

डाग जंतूंचाच वाटतो, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू आहेत, काही महिन्यांनी परत फोटो. तोवर शिलाई मशीनवर बसायची बंदी. पुन्हा फिट आली तर म्हणून काकी मला खोलीची कडी लावू देत नाहीत. आईला फोनवर अजून सगळं ठीक आहे असंच सांगतो.

पण ताई, ज्या दिवशी शिवायला परवानगी मिळेल, त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या गाद्यांच्या खोळी शिवीन. मऊ सुती, धातूची चेन न लावता, नाडीच्या. घेऊन मीच येईन.