उठून गेलेल्या मेंबराचं मत

थोटे आबा गेले, हा निरोप मला लोणावळ्याच्या फलाटावर मिळाला. कान्ह्याकडून आलेल्या गाडीतून आमच्या गावचा एक गँगमन उतरला, मला पाहून थबकला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, तुमास्नी कळलं न्हाई व्हय? थोटे आबा गेले. परवाच्याला. झोपंतच." झोपेत? मी दोनदा विचारलं. ज्या माणसाचा हात भर बाजारात तोडला गेला, ज्याचं डोकं म्युनिसिपालिटीच्या टेबलावर आपटताना मी चार हातांवरून पाहिलं, तो माणूस झोपेत निमूट जाईल हे मला पटेना. खरं सांगायचं तर रागही आला. कुणाचा, ते पुढे लिहितो. या गोष्टीला आता महिना होऊन गेला, पण तो राग काही उतरलेला नाही.

आबांचं नाव केरू. भातशेती करणारे, गावकीतले जुने पंच. मी आमच्या म्युनिसिपालिटीत हेडक्लार्क होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या गोष्टीतल्या बऱ्याच जणांची मुलं अजून तिथं दुकानं चालवतात, आणि लोणावळा तिथून काही लांब नाही. पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच्या निवडणुकीत केरूआबा पहिल्यांदा मेंबर झाले आणि खांद्यावर घोंगडी टाकून सभेला आले. तिथं बाकीचे कोटवाले. महिन्यातून एकदा, दुपारी तीनला सभा भरायची. मी आधी मागच्या सभेचा वृत्तांत वाचायचा, मेंबरांनी तो कायम करायचा, मग एकेक विषय, त्यावर सूचना, अनुमोदन, हात वर, की झाला ठराव. अध्यक्ष होते एक बंगलेवाले वकील, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. त्यांना भांडण आवडत नसे. म्हणजे भांडण वहीत आलेलं आवडत नसे. वही कलेक्टरकचेरीत जायची, आणि आपलं गाव किती एकोप्याचं आहे हे तिथं दिसायला हवं असे. आबांना या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. "भाऊसाहेब, तुमी आदी लिवता आन मग आमी बोलतो," असं ते मला चारचौघांत म्हणाले होते. सगळे हसले. मलाही हसावं लागलं, पण ते मला झोंबलं. तेव्हापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी एक बारीक अढी होती, हे आता लपवून काय करायचं?

एकदा त्यांच्या ओसरीवर बसलो असताना त्यांनी मला गावकीची रीत समजावून सांगितली होती. पाच पंच बसले आणि त्यातला एक जण पागोटं झटकून उठला, की बैठक मोडली. मग राहिलेल्या चौघांनी काहीही ठरवलं तरी ते कुणी मानायचं नाही. त्या माणसाच्या घरी जाऊन, त्याची समजूत काढून, त्याला परत आणून बसवल्याशिवाय गोष्ट पुढं सरकायचीच नाही. "उठून जाणं म्हंजी लय मोटी गोस्ट हाय," ते म्हणाले. "माजा बा जल्मात एकदाच उठला." मी ऐकून घेतलं. आमच्याकडे असं नसतं, हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. सुचलं नाही.

पटकीची साथ आली ते वर्ष मला विसरता येत नाही. बाजारपेठेत माणसं पटापट गेली. गावाला नळाचं पाणी यायचं ते वरच्या ओढ्यावरच्या टाकीतून, आणि टाकीच्या अंगाला ठाकरांची दहाबारा झोपड्यांची वाडी होती. पाणी त्यांनीच नासवलं, असं बाजारात एकानं म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी झालं. वाडीत एकही माणूस दगावला नव्हता, हे कुणाच्या ध्यानात येईना. रावसाहेबांनी जादा सभा बोलावली. विषय एकच, टाकीजवळच्या झोपड्या तीन दिवसांत हटवणे. त्या दिवशी सभागृहाबाहेर लोक काठ्या घेऊन उभे होते, आणि आत मेंबर एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. केरूआबा एकटे उलट बोलले. "त्यास्नी का म्हून हुसकायचं, पटकी काय ठाकरांनी आणली? पावसुळ्यात कुटं जातील ती पोरं घिऊन?" कुणीतरी ठाकरांवरून एक घाण शिवी हासडली. आबा उठले. पागोटं काढून दोनदा झटकलं, परत डोक्याला लावलं आणि म्हणाले, "बैठक मोडली." मग दाराकडे चालू लागले. दारात क्षणभर थांबून त्यांनी मागं पाहिलं.

सगळ्या हॉलमध्ये त्या झटकण्याचा अर्थ कळलेला माणूस मी एकटा होतो. 'आबा, थांबा, गेलात तर तुमचं मत जाईल,' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? रावसाहेब माझ्याकडे पाहत होते, त्यांची भीती होती हे खरं. आणि आता पडू द्या तोंडावर, असं क्षणभर वाटलं हेही तितकंच खरं. मी मान खाली घातली, टाक दौतीत बुडवला. आबा बाहेर पडले, बाकीच्यांनी हात वर केले, कोरम पुरेसा होता, आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं... 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

आबा तिथून थेट वाडीवर गेले. धाकू म्हणून तिथला एक जाणता होता, त्याची आई आंधळी. तिचा हात आपल्या उजव्या हातात धरून आबांनी सांगितलं, की म्हातारे, तू निजून ऱ्हा, मी बैठक मोडून आलोय. दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीचा शिपाई नोटीस वाचून गेला. धाकू धावत आबांकडे आला, बिऱ्हाडं हलवायची का म्हणून विचारायला. आबा भाताच्या लावणीत होते. "शिपाई गमजा करतुया," ते म्हणाले. "मोडल्याल्या बैठकीचा कागद त्यो. त्याला कोन इचारतंय!" धाकू निर्धास्त परतला. वाडीतल्या कुणी भांडंसुद्धा उचललं नाही.

चौथ्या दिवशी, सूर्य डोक्यावर आला असताना, म्युनिसिपालिटीचा मुकादम पंधरावीस माणसं घेऊन वर गेला. तरणी माणसं कामावर, वाडीत बाया, पोरं आणि म्हातारी माणसं. बायांनी दगड मारले, मुकादमाच्या माणसांनी काठ्या चालवल्या. एकीचा दंड मोडला, एकीच्या डोक्यात काठी बसून ती ओढ्यात पडली. पावसानं कुडाच्या भिंती ओल्या होत्या म्हणून मुकादमानं आत रॉकेल ओतून झोपड्या पेटवल्या. आत कुणी आहे का, ते पाहिलं नाही. धाकूची आई आत होती. तिला निजून राहा म्हणून सांगितलं होतं, ती निजून राहिली. रिपोर्टात मुकादमानं 'झोपड्या हटविल्या, किरकोळ विरोध' असं लिहून दिलं आणि मी ते नोंदलं.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी धाकू कोयता घेऊन आला. आबा मिरच्यांच्या ढिगापाशी उभे होते. आपण काय केलं हे त्यांना कळलं होतं, चार दिवसांत माणूस खंगला होता. धाकूनं त्यांचा उजवा हात पकडून दगडी ओट्यावर दाबला. "ह्योच हात का रं? म्हातारीचा हात ह्याच हातानं धरला हुतास?" आबा म्हणाले, "व्हय, ह्योच." त्यांनी हात मागं ओढला नाही. पहिल्या घावात तुटला नाही. दुसऱ्यात तुटला... मी पानवाल्याच्या फळीआड होतो. लाल मिरच्यांवर पडलेलं रक्त वेगळं दिसत नव्हतं, हे मला आजही झोपेतून उठवतं.

फौजदार आला तेव्हा आबा खाटेवर होते, मनगटाशी चिंध्यांचा गोळा. "गवत कापताना लागलं," ते म्हणाले. फौजदार चिडला. "उजवा हात उजव्याच हातानं कापलात?" आबा म्हणाले, "मी डावखुरा हाय, सायेब." बाजारातल्या शेदोनशे माणसांनी ते पाहिलं होतं, पण एकजणही बोलला नाही. धाकूला कुणी हात लावला नाही. त्या दिवसापासून मात्र केरूआबा खरोखरच डावखुरे झाले.

पुढच्या सभेला ते आले. चेहरा पांढराफटक, हात फडक्यात बांधलेला. मी वृत्तांत वाचला. 'सर्वानुमते' आलं तसे ते म्हणाले, "तितं माजं नाव घाला. इरुद्ध म्हून." रावसाहेब म्हणाले की मतदानाच्या वेळी तुम्ही सभेत नव्हता. "मग कुटं हुतो?" "बाहेर." आबा म्हणाले, "बाहेर म्हंजी कुटं? मी नको म्हून गेलतो, ते कुटं गेलं?" रावसाहेब पुढचा विषय पुकारू लागले. तेव्हा आबांनी टेबलावर झेप घेऊन डाव्या हातानं वही ओढली. दोन मेंबर आणि बाहेरून धावत आलेला मुकादम त्यांच्यावर तुटून पडले. मुकादमानं त्यांचं डोकं धरून टेबलावर आपटलं, आणि मग त्या फडक्यात बांधलेल्या थोट्यावर मूठ मारली. असा आवाज मी माणसाच्या घशातून कधी ऐकला नाही. जखम उघडली, रक्त टेबलावरून वहीकडे वाहत आलं. मी पुढं झालो... आणि आधी वही उचलली. माणूस नाही, वही. वृत्तांत त्या दिवशी जसाच्या तसा कायम झाला.

वाटलं, आता हा माणूस इकडे फिरकणार नाही. पण आबा दर निवडणुकीला उभे राहिले आणि पुढची वीसेक वर्षं दर निवडणुकीला निवडून आले. मुकादम गेला, रावसाहेब गेले, गांधीटोपीचे मेंबर आले, आबा तिथंच. डाव्या हातानं सही शिकले. कायदा इतका पाठ केला की मलाच कलमं विचारायला लागले, आणि मी चुकलो की म्हणायचे, "भाऊसाहेब, पगार कशापायी घेता?" मतदानाला मात्र हट्टानं उजवा हात वर करायचे. एकदा एक नवा मेंबर हसून म्हणाला, "आबा, पंजा नसलेला हात मोजायचा कसा?" आबा उठले, त्याची गळपट्टी डाव्या हातात धरून त्याला भिंतीशी नेलं आणि थोटं त्याच्या गालाला लावून म्हणाले, "आता मोज." त्यानं मोजलं. त्या दिवशी मी 'विरुद्ध एक' असं लिहिलं. दरसाल एकदा ते वाडीचा ठराव रद्द करण्याची सूचना आणायचे, दरसाल ती पडायची. बसायचे कुठे, तर दारापासून सगळ्यांत लांब, भिंत आणि कपाट यांच्या बेचक्यातल्या खुर्चीत. तिथून बाहेर पडायचं तर ओळीतल्या सगळ्यांना उठवावं लागे. एखादी सभा दिवेलागणीपर्यंत लांबली, तरी लघवीलासुद्धा ते उठले नाहीत.

पेन्शनीत निघाल्यावर मी मुलाकडे लोणावळ्याला आलो. गेल्या माघात त्यांना शेवटचं भेटायला गेलो. ते अंगणात उन्हाला बसले होते, दृष्टी अधू झाली होती. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं मी बोलून टाकलं. म्हटलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही पागोटं झटकलंत, त्याचा अर्थ मला ठाऊक होता. तुम्हाला थांबवता आलं असतं मला. मी थांबवलं नाही." त्यांनी अंगावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "मला ठावं हाय की. दारातनं मागं बगितलं, तवा तुमी मान खाली घातली." मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? माझ्यासमोर सभेत बसत होतात, माझ्या घरचं जेवलात..." थोट्यानं गालावरची माशी हाकलत ते म्हणाले, "आज बोलाल, उद्या बोलाल म्हून वाट बगितली. म्हातारीला तर म्याच मारलं, त्याचं माप माज्या पदरात पडलं. तुमचं मी कसं बोलू?"

मला त्यांनी माफ केलं, असं मी लिहिणार नाही. ते तसं म्हणाले नाहीत, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. तो राग कुणाचा, ते आता वाचणाऱ्याला कळलं असेल.

म्युनिसिपालिटीच्या ज्या सभेत दुखवट्याचा ठराव होता, तिला मी मुद्दाम गेलो. लोकांसाठीच्या बाकावर बसलो. अध्यक्षांनी आबांच्या सेवेविषयी चांगले शब्द वापरले, सगळे उभे राहिले, सगळे बसले. नवा हेडक्लार्क तरुण आहे, अक्षर चांगलं आहे. त्यानं 'ठराव सर्वानुमते' असं मोठ्यानं उच्चारत लिहायला घेतलं, तसा मी उठलो. म्हणालो, वाडीच्या त्या जुन्या ठरावाला केरूआबांचा विरोध होता, तो मी लिहिला नाही, आणि त्यांना दारात थांबवायला हवं होतं, तेही केलं नाही; एवढं आज वहीत घ्या. अध्यक्ष अवघडले. अगदी नरमाईनं म्हणाले, "भाऊसाहेब, नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात. मेंबर नसलेल्याचं बोलणं वृत्तांतात येत नाही." बरोबर होतं त्यांचं. म्हणून ते इथं लिहिलं.

पुढचा विषय गटारांचा निघाला. मला घरी जायला गाडी होती, बाकावर बसून पाठ दुखत होती. भिंत आणि कपाट यांच्यामधल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत मी बसून राहिलो. गाडी चुकली. अध्यक्षांनी सभा संपल्याचं सांगितलं, सगळे मेंबर उठून गेले, आणि मग मी उठलो.