तिसऱ्या शिट्टीची गिटार

बसा, आधी चहा घ्या. कारण आता मी माझी जी फजिती सांगणार आहे ती ऐकून तुम्ही मला पुन्हा कधी चहाला बोलवाल की नाही, कोण जाणे!

तर मंडळी, तुमच्यासमोर बसलेला हा माणूस एकेकाळी गिटार वाजवायचा. हसू नका! पोट आत्ता सुटलंय, तेव्हा केस सोडलेले होते. खांद्यापर्यंत. आणि ती गिटार माझ्या हातात टिकली ती दोन माणसांमुळे. एक परांजपे काका, दुसऱ्या परांजपे काकू. खरं सांगायचं तर काकूंच्या वरणामुळे. कसं ते ऐका.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. वाशी तेव्हा नवी कोरी. सेक्टर आखले होते, इमारती उभ्या होत्या, माणसं तेवढी यायची बाकी होती. बस चुकली की खाडीचा वारा खात उभं राहायचं. आमच्या खाली तळमजल्यावर परांजपे काका राहायचे. बोटीवर रेडिओ ऑफिसर होते, निवृत्त होऊन इथे आलेले. घर आमच्याएवढंच. म्हणजे हॉलमध्ये कुणी खोकलं की स्वयंपाकघरातून लगेच पाण्याचा तांब्या यायचा, इतकं ऐसपैस! हे घराचं माप लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

काकांकडे एक रेकॉर्ड प्लेअर होता आणि देशोदेशीच्या बंदरांतून आणलेल्या रेकॉर्ड्स. त्यात एका इंग्लिश रॉक बँडचे तीन अल्बम. बँडचं नाव मी सांगणार नाही. मी त्यांचं जे केलं ते कळलं, तर त्यांचे चाहते दगड घेऊन माझ्या दारात येतील.

एका दुपारी काकांनी मला ते तिन्ही अल्बम ऐकवले. पहिला म्हणजे नुसती दांडगाई. दुसऱ्यात पोरं जरा माणसांत आलेली. आणि तिसरा? तिसऱ्यात एक लांबलचक गाणं होतं आणि त्याच्या मध्यावर एकट्या गिटारचा तुकडा. मी चटईवर बसलो होतो. तुकडा संपला तेव्हा माझा चहा गार झाला होता आणि अंगावर काटा आला होता.

काका डोळे मिटूनच म्हणाले, "बघितलंस? घाई नाही करत हा. बाकीचे धावतात, हा चालतो."

"काका, मला हे वाजवायचंय."

"गिटार आहे?"

"नाही."

"मग उत्तम. वाईट सवयी नसतील."

गिटार मिळाली ती जुनी, कुणीतरी वापरून टाकलेली. तारा इतक्या उंच की खालून मांजर निघून गेलं असतं. बोटांना फोड आले, फोडांचे घट्टे झाले. पण शिकायचं कशावरून? काकांच्या प्लेअरची सुई झिजली होती आणि तसली सुई इथे मिळत नव्हती. रेकॉर्ड खराब होऊ नये म्हणून त्या दुपारनंतर काकांनी प्लेअर लावणंच बंद केलं होतं.

एक दिवस मला म्हणाले, "सुधीर, ही सुई अजून एकदाच लावीन. त्या वेळी तुझी कॅसेट भरून घेऊ."

आता बोला! माणसाची सगळ्यात लाडकी वस्तू, तिचा शेवटचा जीव, आणि तो वरच्या मजल्यावरच्या एका केसाळ पोरावर खर्च करायचा? सख्खा काका करत नाही हो.

कॅसेट भरली त्या रविवारी मी टायपिंगच्या परीक्षेला गेलो होतो. टेपरेकॉर्डर प्लेअरला जोडायची वायर काकांकडे नव्हती. म्हणून त्यांनी तो स्टुलावर, स्पीकरच्या समोर ठेवला आणि घरात हुकूम सोडला, "कुणी एक शब्द बोलायचा नाही." काकूंनी खरंच एक शब्द काढला नाही. फार समजूतदार बाई. संध्याकाळी कॅसेट माझ्या हातात आली. मी काकांच्या पायाच पडलो.

मग काय, दिवसभर तीच कॅसेट. पुढे, मागे, पुढे, मागे. टेपरेकॉर्डरचं बटण चेपून आत गेलं. आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की या गिटारवाल्याची खरी करामत पहिल्यांदा ऐकताना माझ्या कानांतून निसटलीच होती! त्या तुकड्याच्या मधोमध बाकी सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत तो तीनदा एक सूर वर खेचतो. पहिला आखूड. दुसरा लांब. तिसरा तर असा चढत जातो की कानाचे पडदे थरथरावेत, आणि शेवटी हळूच... फुस्स.

तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, तुला कळलं नाही? नाही कळलं! त्या डबड्या टेपमधून सगळंच चिरकत यायचं. आणि ही इंग्लिश मंडळी रेकॉर्डमध्ये काय वाट्टेल ते घालतात, कोंबडा आरवतो, विमान उडतं, हे काकांनीच सांगितलं होतं. मला वाटलं, याला म्हणतात प्रतिभा.

ते तीन सूर काढायला मला अख्खा पावसाळा लागला. तार बोटानं दाबून बाजूला ओढायची, म्हणजे सूर चढतो. दोनदा तार तुटून गालावर बसली. शेवटच्या फुस्ससाठी मी तळहात तारांवर घासायची युक्ती काढली. ती जमली त्या दिवशी मी स्वतःला आरशात बघून नमस्कार केला.

इकडे घरात वेगळंच शिजत होतं. बाबांनी मार्केटात कांदा-बटाट्याच्या एका पेढीवर माझ्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. म्हणाले, "गणपतीपर्यंत गिटार. त्यानंतर कांदा-बटाटा."

आणि आमच्या सेक्टरच्या गणपतीत त्या वर्षी काकांचे ओळखीचे पेडणेकर पाहुणे म्हणून येणार होते. दादरला त्यांचा ऑर्केस्ट्रा होता, आणि त्यांचा गिटारवाला नुकताच आखातात नोकरीला गेला होता. कळलं ना? त्या एका संध्याकाळवर माझं सगळं अडलं होतं. पेडणेकर किंवा कांदे!

मंडळाचे सेक्रेटरी सावंत ऐकेनात. "इंग्लिश धांगडधिंगा? बाप्पासमोर? टेन्शन देऊ नका हां परांजपे!"

काका म्हणाले, "पोराची जबाबदारी माझी. काही वाकडं झालं तर पुढच्या वर्षी मंडपाचा खर्च मी देतो."

झालं! आता माझ्याबरोबर काकांचा शब्दही पणाला लागला.

साथीला मी वाशीगावातल्या दत्तूला घेतला. दत्तू लग्नाच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवायचा. कॅसेटमध्ये त्या तीन सुरांच्या आधी एक चमत्कारिक टकटक होती. टक-टक, मग काहीच नाही, मग टक-टक-टक. ती मला हवी होती, जशीच्या तशी.

दत्तू कान लावून म्हणाला, "सुद्या, ह्यो टोला मना ओलकीचा वाटतंय रं."

"दत्तू, हा इंग्लंडमधला ताल आहे. तुझ्या ओळखीचा कसा असेल?"

"नाय, तू सांगतंस तर आसंल. पन घरात ऐकल्यासारका वाटतंय."

मी त्याला गप्प केलं. त्या बिचाऱ्यानं इमानदारीत ती टकटक पाठ केली. काका तालमीला आले नाहीत. म्हणाले, "थेट स्टेजवरच ऐकणार."

कार्यक्रमाची संध्याकाळ. मंडप गच्च भरलेला. बायका घरी कुकर चढवून "पाचच मिनिटं" म्हणत खाली उतरलेल्या. पहिल्या रांगेत पेडणेकर, शेजारी काका, त्यांच्या बाजूला नव्या साडीत काकू. मागे हाताची घडी घालून बाबा, चेहरा कांदा-बटाट्याचा. मंडपवाल्यानं माइक माझ्या गिटारलाच सुतळीनं बांधला आणि मंडपाच्या चारी कोपऱ्यांतले कर्णे सुरू केले.

सुरुवात झकास झाली. पोरं टाळ्या वाजवायला लागली. पेडणेकर मान डोलवत होते. काकांनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, सुध्या, जिंकलास!

मग दत्तूची टकटक आली. काकांच्या कपाळावर आठी पडली.

आणि मी पहिला सूर खेचला.

अहो, तालमीत ते कर्णे कुठे होते? त्या चार कर्ण्यांतून माझा सूर बाहेर पडला आणि अख्ख्या मंडपात खणखणीत... काकू ताठ बसल्या. मी दुसरा खेचला. लांब. काकूंनी पदर खोचला. आणि मी डोळे मिटून, जीव ओतून, तिसरा खेचला. चढवला, आणखी चढवला, आणि शेवटी तळहात घासून... फुस्स!

"अगं बाई! गॅस!"

काकू उठून पळाल्या. त्यांच्यामागे सावंतवहिनी. "माझा पण चढवलाय गं!" मग तिसरी, मग चौथी. ज्यांनी कुकर लावला नव्हता त्याही, लावला होता की नाही ते बघायला पळाल्या! बघता बघता बायकांची बाजू निम्मी रिकामी झाली. कुणाची चप्पल राहिली, कुणाचं पोर राहिलं. आणि स्टेजवर मी, गिटार गळ्यात, डोळे अजून मिटलेले. मला वाटलं, लोक भारावून उठले!

डोळे उघडले तर समोर काका. आधी त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग तो माणूस खुर्चीत दुमडून हसायला लागला. डोळ्यांतून पाणी.

"अरे सुधीर... अरे ते आमचं वरण रे! त्या रविवारचं आमचं वरण!"

शेजारून दत्तूनं ड्रमची काठी खाली ठेवली. "आनी मी इतकं दिस शेंगदान्याचा कूट वाजवतंय व्हय? तरी सांगत व्हतू!"

समजलं ना तुम्हाला? हॉलमधल्या स्टुलावर टेपरेकॉर्डर, आणि चार पावलांवर स्वयंपाकघर. काकूंनी शब्द काढला नव्हता, पण खलबत्त्याला आणि कुकरला कुणी बजावलं होतं? आणि रोजची शिट्टी घरच्या माणसाला ऐकूच येत नाही, म्हणून काकांनाही पत्ता नाही! मी जगातल्या एका थोर गिटारवाल्याच्या नावानं तीन महिने तूरडाळ शिजवत होतो!

मी स्टेजवरून खाली उतरलो तो जमीन दुभंगावी म्हणत. सावंत काकांकडे बघत होते. बाबा माझ्याकडे बघत होते. इतक्यात पेडणेकर जवळ आले.

"गाणं राहू दे बाजूला. ती शिट्टी परत काढ."

"साहेब, चूक झाली..."

"काढ रे! गिटारमधून कुकर काढणारा अजून पाहिला नाही मी. आमच्या विनोदी आयटमला माणूस हवाच आहे. उद्या दादरला ये."

आणि काकू? गॅस बंद करून परत आल्या, तर त्यांना सगळा प्रकार कळलेला. मला वाटलं, आता चार लोकांत हसं केलं म्हणून रागावतील. त्यांनी माझ्या हातावर प्रसादाचा मोदक ठेवला. म्हणाल्या, "मेल्या, पहिली शिट्टी अजून थोडी आखूड काढ. माझा कुकर जुना आहे." मग सावंतांकडे वळल्या, "मंडपाचा खर्च कसला मागताय? तुमच्या घरचा भात करपता करपता वाचलाय, त्याचं आधी बघा!"

सावंतांनी खर्चाचा विषय तिथेच सोडला. त्यांच्या घरचा खरंच वाचला होता.

अशी माझी ऑर्केस्ट्रात वर्णी लागली. आधी कोपऱ्यात उभं राहून कुकर, रेल्वेचं इंजिन, बिघडलेला पंखा. पुढे हळूहळू खरी गिटारही. वाशीत मात्र माझं नाव 'कुकर सुधीर' पडलं ते पडलंच.

काही वर्षांनी, ऑर्केस्ट्रा घेऊन दौऱ्यावर गेलो तेव्हा एका बंदराच्या गावी मला तसलीच सुई मिळाली. घरी न जाता सरळ काकांकडे गेलो. काकांनी सुई हातात घेतली आणि लगेच प्लेअरवरची धूळ पुसायला लागले. मग आम्ही तिन्ही अल्बम ओळीनं पुन्हा ऐकले. पहिल्याची दांडगाई आता गोड वाटली. दुसरा चक्क शहाणा निघाला. मग तिसरा. तो तुकडा. मी श्वास रोखला. ती जागा आली...

तिथे काहीच नव्हतं. तो गिटारवाला तिथे नुसता थांबला होता! ऐन भरात असताना हात उचलून गप्प उभा. आणि ती शांतता इतकी सुंदर होती की मी तिच्यात कुकर भरला याची मला पहिल्यांदा खरी लाज वाटली.

"म्हटलं होतं ना," काका म्हणाले, "घाई नाही करत हा. तू वाजवून दाखव बघू आता. कुकर सोडून."

त्या दोघांनी मला काय दिलं होतं ते मला तिथे, त्या चटईवर, नीट कळलं. मी गिटार घेतली. आज यांच्यासाठी एकदा तरी बरोबर वाजवायचं, असं ठरवलं. वाजवत गेलो, छान जमत गेलं, आणि ती जागा आली तशी माझी बोटं, इतक्या वर्षांची सवय हो, सरळ शिट्टीच्या तारेवर गेली!

"सुधीर, थांब!" स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या. "वरण लावलंय, माझी मोजणी चुकते!"

माझा हात जागच्या जागी थिजला. घरात अगदी शांत झालं.

काकांनी डोळे उघडले. "वा! अगदी रेकॉर्डसारखं!"

तर मंडळी, तो तुकडा मी आयुष्यात एकदाच बरोबर वाजवला. तोसुद्धा वरण शिजायचं होतं म्हणून.