तिसऱ्या कागदावरची मुलगी

फुलांच्या धंद्यात माझी नजर कधी चुकली नाही. आमचा झेंडू-शेवंतीचा मळा नाशिकला लागूनच. फूलबाजारात आईशेजारी बसून हार ओवायचं काम माझं. मांडवाचा खांब लांबून एकदा बघायचा आणि त्याच्याभोवती बसेल एवढा दोरा तोडायचा. टेप कशाला लागतोय? शंकेखोर गिऱ्हाइकं मोजून बघायची आणि पैसे काढायची.

पण आरशापुढे हीच नजर दगा द्यायची. दोन हजार सालच्या सुमाराला मी कॉलेजात होते. जेवण सुटत सुटत पार सुटलं, तरी आरशातली बाई रुंदच. दारातून जाताना मी तिरकी होऊन जायची, अडकेन म्हणून. हसू नका, खरंच जायची. आई मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची, "लय वाईट नजर लागली गं पोरीला," म्हणून रडायची. शेवटी छातीचे ठोके मंदावले. डॉक्टर म्हणाले, आणखी वजन उतरलं तर ही वाचणार नाही. मला राग आला. एवढी जाड बाई मरेल कशी?

मग मानसोपचाराच्या मॅडमकडे दर आठवड्याला जायला लागले. त्यांनी आधी आरशापुढेच उभं केलं. मी श्वास सोडला की आरशातली फुगायची. तिचे डोळे माझ्या आधी मिटायचे, शपथ. चौथ्या खेपेला मॅडमनी आरसा भिंतीकडे फिरवला. "हे तुझ्यासाठी नाही. माझंच चुकलं," म्हणाल्या.

पुढच्या वेळी भिंतीवर तीन मोठे खाकी कागद लावलेले. कागदावर माणूस झोपवून पेन्सिलीनं कड काढलेली, डोकं सोडून. त्या बिनडोक्याच्या तिघी माझ्याकडे तोंड करून उभ्या आहेत असंच वाटत होतं.

"एक आमची नर्स, एक आयाबाई, एक तू," मॅडम म्हणाल्या. "मागे तुला डोळे मिटून कागदावर झोपवलं होतं ना, तेव्हाची. तिघींच्या कंबरेचे दोरे तोडून दे. खांबाला तोडतेस तसे."

पहिली सगळ्यात रुंद. "ही मी," म्हटलं आणि दोरा तोडला. दुसरीचा तोडला. तिसऱ्या कागदापुढे अंगावर काटा आला. दोन रेघांच्या मध्ये माणूस होतं की नाही कोण जाणे. लहान गणपतीच्या हाराला लागतो, जेमतेम तेवढा दोरा निघाला.

"मॅडम, ही बाई कामाला येते कशी? हिला घरी कुणी खायला घालत नाही का? मरेल हो ही! तुम्ही नुसत्या बघत काय बसलात?" मी चक्क ओरडले.

मॅडमनी आयाबाईंना आत बोलावलं. पहिला दोरा त्यांच्या कंबरेला बरोब्बर बसला. दुसरा नर्सला. मॅडमनी तिसरा उचलला तशी मी मागे सरकत भिंतीला टेकले. माझ्या कंबरेवर गाठ बसली, ना सैल ना घट्ट.

त्या एका दिवसात बरी झाले नाही, वर्षं गेली. आरशातली अजून कधीमधी फुगते. पण त्या दिवशी मला त्या कागदावरच्या पोरीची भयंकर कीव आली. मी बाहेर आले. आई बाकावर बसली होती.

"आई, तिला काहीतरी खायला दे," मी म्हटलं.

आईनं माझ्या पाठीमागे पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

"कुणाला गं?"

"मला."