तारेवरचे सतरा कावळे

कावळा कामाला लागला की आवाज करत नाही. झाडावर बसून कोकलतो तो रिकामटेकडा. ज्याची नजर कोकराच्या डोळ्यावर आहे, तो गुपचूप गवतात उतरतो, दोन उड्या मारतो, मान वाकडी करून बघतो, पुन्हा दोन उड्या. नुकतीच व्यालेली मेंढी दमून पडलेली असते, कोकरू अजून ओलं असतं, त्याला उभंसुद्धा राहता येत नसतं. तेवढ्या वेळात डोळा गेलेला असतो. नॉर्मन आयव्हसनला हे कुणी सांगायची गरज नव्हती. वयाची त्र्याहत्तर वर्षं झाली होती आणि त्यातले साठ एप्रिल त्याने याच शेताच्या दगडी गडग्याआड, मांडीवर दुनळी बंदूक घेऊन, थंडीत कुडकुडत काढले होते.

यंदा मात्र त्याला कंटाळा आला होता. पहाटे साडेपाचला उठायचा, ओल्या दगडाला पाठ लावून बसायचा, गुडघ्यांचा, गारांचा, सगळ्याचाच. पण कंटाळा आला म्हणून मेंढ्या व्यायच्या थांबत नाहीत. एकशे चाळीस मेंढ्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या अजून मोकळ्या व्हायच्या होत्या.

शिवाय एक गोष्ट होती, जी त्याने कुणालाही सांगितली नव्हती. गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं होतं आणि नाताळापासून डाव्यापुढेही. सूर्य वर आला की ठीक असायचं. पहाटेच्या करड्या उजेडात मात्र साठ पावलांवरचं काहीही नुसतं काळं किंवा नुसतं पांढरं. डॉक्टरकडे तो गेला नव्हता, कारण डॉक्टर पोलिसांना कळवणार, आणि मे महिन्यात बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. परवाना गेला की बंदूक गेली, आणि बंदूक गेली की कोकरांचे डोळे कावळ्यांच्या हवाली. त्याच्या लेखी हिशोब सरळ होता.

रस्त्याच्या कडेला फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत जी तार होती, तिच्यावर मारलेले कावळे पायाने उलटे टांगायची या खोऱ्यात जुनी रीत. दुसरे कावळे बिचकतात म्हणे. खरं तर ते बिचकत नाहीत. बघतात ती माणसं. येणाजाणारा प्रत्येक शेतकरी गाडीचा वेग कमी करून तार मोजायचा आणि संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात म्हणायचा, "आयव्हसनची तार भरली बरं का." नॉर्मनच्या बापाची तार भरायची, आजाची भरायची. नॉर्मनची तर एके वर्षी वळणाच्या पुढे गेली होती. यंदा तारेवर सतरा कावळे होते, आणि ही संख्या वाईट नव्हती.

शेताच्या वरच्या टोकाला नॉर्मनच्या बापाचं गवताचं कोठार होतं. ते विकून बारा वर्षं झाली. आता तिथे मोठ्या काचेच्या खिडक्या होत्या आणि खिडक्यांच्या मागे दीड वर्षापासून मिसेस जेराल्डिन हॉइल राहायच्या. स्टॉकपोर्टला शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन शांततेसाठी इकडे आल्या. शांतता मिळाली, पण एप्रिल सोडून. मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी तिची वही निवृत्त होत नाही. बाईंनी खिडकीत एक दुर्बीण आणि एक वही ठेवली होती, पक्ष्यांसाठी. पण पक्ष्यांच्या रकान्यात हळूहळू नॉर्मनच येऊन बसला.

"मिस्टर आयव्हसन," त्यांनी एकदा गडग्यावरून सुनावलं होतं, "सहा वाजून दहा मिनिटांनी सात बार! सात! मी पलंगावरून खाली पडायची बाकी राहिले."

"मेंढ्यांना सांगतो, नऊनंतर व्या म्हणून," नॉर्मन म्हणाला.

"आणि ती तार! जेवायला बसलं की समोर प्रेतं लोंबतायत."

"मग पाठ करून बसा की बाई."

त्यावर बाई आत गेल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते काय होतं हे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं, जेव्हा हवालदार केव्हिन आल्डरसन टोपी काखेत मारून स्वयंपाकघरात आला. केव्हिनचा बाप आणि नॉर्मन एकाच बाकावरचे. म्हणून मॉरीनने, नॉर्मनच्या बायकोने, न विचारता चहा आणि आल्याचा केक पुढे सरकवला. तिला खुब्याचं दुखणं होतं. ओट्याला एक हात टेकूनच ती सगळं करायची.

"तक्रार आलीय, नॉर्मन," केव्हिन म्हणाला.

"दर वर्षी येते."

"ही दोन पानी आहे. वाचू?" आणि त्याने वाचलं. मंगळवार, सहा दहा, सात बार, पडलेले कावळे शून्य. बुधवार, सहा पाच, पाच बार, शून्य. शुक्रवार, नऊ बार, शून्य. शनिवार, चार बार, शून्य. यापैकी तीन बार फाटकाजवळच्या कुंपणात अडकलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर.

मॉरीन उगाचच ओटा पुसायला लागली. आवाजाची तक्रार करायला बसलेल्या बाईने स्वतःच्याही नकळत भलतीच गोष्ट लिहून ठेवली होती. एका काडतुसाला एक कावळा ही नॉर्मनची ख्याती केव्हिनने लहानपणापासून ऐकलेली होती.

"आणि शेवटी लिहिलंय," केव्हिन खाली बघत म्हणाला, "की तारेवरचे कावळे जानेवारीपासून तेच आहेत. सगळ्यांच्या पायाला निळी दोरी आहे. कावळे तू गठ्ठ्यांच्याच दोरीने बांधतोस, आणि यंदा तुझ्या गवताच्या गठ्ठ्यांना नारिंगी दोरी आहे, नॉर्मन. येताना मी पाहिली."

नॉर्मनने कपातला चहा संपवला. निळ्या दोरीचे सतरा कावळे गेल्या वर्षीचे होते. वाळून पुठ्ठ्यासारखे झाले होते. दर आठवड्याला पहाटे तो त्यांची जागा बदलायचा, दोनचार पुढे सरकवायचा, म्हणजे तार नवी दिसावी. दोरी बदलायचं मात्र त्याच्या डोक्यातच आलं नाही. सगळं खोरं फसलं होतं. फसली नाही ती एकटी ही उपरी बाई, कारण तिला ती तार डोळ्यांसमोर नको होती, आणि नको असलेल्या गोष्टीकडेच माणूस सगळ्यात नीट बघतो.

"मी काही विचारत नाही," केव्हिन उठत म्हणाला. "पण आणखी एक तक्रार आली की मला विचारावंच लागेल. मे महिन्यात तुझ्या कागदावर माझी सही लागते."

तो गेल्यावर मॉरीन म्हणाली, "त्या प्लॅस्टिकचं मला ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. अठ्ठेचाळीस वर्षं थांबतेय, आणखी एक महिना."

"डोळ्यांत जरा धुकं आहे."

"धुकं! परवा माझ्या चहात मीठ घातलंस, नॉर्मन. मी प्यायले. म्हटलं, गप्प बसावं, बिचाऱ्याला कोकरं तर सांभाळू दे."

नॉर्मनला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला नुसतं थकल्यासारखं वाटलं. पाय पसरून तो चुलीपुढे बसला आणि बसल्या जागी झोपला.

पुढचे चार दिवस त्याने कानाला खडा लावला: अगदी खात्री असल्याशिवाय चाप ओढायचा नाही. चार दिवसांत दोन बार झाले. कोकरं वाचली ती नशिबानं. पाचव्या दिवशी, सोमवारी, पहाटेपासून बारीक बर्फाळ पाऊस होता. तुटक्या शिंगाची म्हातारी मेंढी गडग्याच्या कोपऱ्यात व्यायला बसली होती. ती पडली, उठली, पुन्हा पडली. नॉर्मनने तिचं कण्हणं ऐकलं आणि बंदूक खांद्याला लावली. मेंढीच्या मागे काहीतरी काळं हललं. हललं आणि थांबलं. पुन्हा हललं.

प्लॅस्टिक असेल. वारा होता, आणि त्याच कोपऱ्यातून त्याने परवाच फाटकं प्लॅस्टिक ओढून काढलं होतं. थोडं राहिलं असेल. आणि प्लॅस्टिक नसलं तर? म्हातारीचं गेल्या वर्षीचं एक पिल्लू काळंच निघालं होतं. आत्ता जन्मलेलं कोकरूच काळं असलं तर? त्याने डावा डोळा मिटला, उजवा मिटला, पुन्हा डावा उघडला. काळं ते काळंच. बोट चापावर होतं. त्याने मनात एक ते दहा मोजले आणि नळी खाली केली.

मग तो काळा ठिपका उडाला आणि वरच्या झाडावर जाऊन ओरडला.

नॉर्मन धावला, म्हणजे त्या वयात जे धावणं होतं ते. कोकरू पांढरं होतं. जिवंत होतं. दोन्ही डोळे गेले होते, जीभही. म्हातारी मेंढी त्याला चाटत होती, कारण तिला काय कळणार. नॉर्मनने खिशातला सुरा काढला आणि करायचं ते लवकर केलं. एवढ्याला डोळे लागत नाहीत.

वरून कुणीतरी येत होतं. घरातल्या सपाता, वर पावसाळी कोट, केस मोकळे. मिसेस हॉइल चिखलातून घसरत गडग्यापाशी आल्या आणि नॉर्मनच्या हातातल्या कोकराकडे बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"मी खिडकीतच होते," त्या म्हणाल्या. "तो उतरला तेव्हापासून बघत होते. तुम्ही नेम धरलात. मी स्वतःशी म्हटलं, मारा, अहो, मारा आता! एवढ्या सकाळी मी पहिल्यांदाच तुमच्या बाराची वाट बघत होते. का नाही मारलात?"

नॉर्मनने बाईंकडे पाहिलं. एवढ्या जवळून त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. रडत होत्या.

"मला दिसला नाही," तो म्हणाला.

बायकोला, हवालदाराला, स्वतःलाही जे त्याने धड सांगितलं नव्हतं, ते त्याने या बाईला सांगून टाकलं. लपवायला काही उरलंच नव्हतं म्हणा. बाईंच्या वहीत सगळं होतं.

"मला आवाज द्यायला हवा होता," बाई म्हणाल्या. "पण मला वाटलं, तुम्हाला दिसतंय."

"सगळ्यांनाच वाटतं," नॉर्मन म्हणाला आणि कोकरू घेऊन घरी गेला.

शेडमध्ये त्याने त्या कोकराचं कातडं अलगद सोडवलं आणि आई मेलेल्या एका पोरक्या कोकराला अंगरख्यासारखं घातलं, म्हणजे मेंढीला वास आपल्याच पिल्लाचा येईल. म्हातारीने वास घेतला, एकदा हुंगून बाजूला झाली, मग परत आली आणि पाजायला उभी राहिली. नॉर्मन बराच वेळ तिथे बसून होता. त्याचे हात अजून चोख होते. मग तो उठला, आत गेला आणि केव्हिनला फोन केला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "नाही, आज. उद्या माझं मन बदलेल."

दुपारी केव्हिन बंदूक घेऊन गेला. जाताना तिला कापडात गुंडाळायला त्याने जितका वेळ लावला, तितका काही लागत नाही. मॉरीनने डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करून नाव लावलं. तिकडून सांगितलं, ऑपरेशनला अकरा महिने. "म्हणजे पुढच्या एप्रिलच्या आत," ती म्हणाली, "तोवर माझ्या चहात मीठ घालत राहा." नॉर्मन तारेपाशी गेला आणि एकेक निळी गाठ बोटांनी चाचपत सोडवू लागला. समोरून जाणारी एक गाडी हळू झाली, पण थांबली नाही, पुढे गेली. संध्याकाळी गुत्त्यात काय बोलणं होणार ते त्याला ठाऊक होतं. सतरा कावळे त्याने उकिरड्यात पुरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं काही कारण नव्हतं, तरी तो साडेपाचला उठला. बंदुकीच्या जागी काठी घेतली आणि शेतात गेला. काठीने काय होणार, तर कावळा उडेल, एवढंच. पण उडवायलासुद्धा तो आहे कुठे ते कळायला हवं. करडा उजेड, काळे ठिपके, पांढरे ठिपके. तो शेताच्या मधोमध उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्याच शेतात कुठे जावं ते कळेना.

इतक्यात वर खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"मिस्टर आयव्हसन! डावीकडे! पाणी प्यायच्या टाकीपाशी! दोन आहेत!"

आवाज असा, की स्टॉकपोर्टच्या मैदानावर सहाशे पोरं एका दमात गप्प झाली असतील. खोऱ्याच्या पलीकडच्या शेतावरचं कुत्रं भुंकायला लागलं. नॉर्मन काठी उगारून डावीकडे निघाला.

"आणखी डावीकडे! अहो, ती टाकी नव्हे, तो दगड आहे! पुढे! हां!"

पंख फडफडले, दोन काळे ठिपके वर गेले. नॉर्मनने घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. दुपारी केव्हिनला पलीकडच्या शेतावरून फोन आला, की कोठारातली बाई भल्या पहाटे खिडकीतून बोंबलते. केव्हिनने तक्रार लिहून घेतली आणि कागद खणात टाकला.

नॉर्मनला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गडग्यापाशी जाऊन उभा राहिला, तोंड वर खिडकीकडे केलं आणि हाक यायची वाट बघू लागला.